एक ठोका उस्मानचा

कासमचाचा पिंजारी जन्मात कधी मोटारीत बसले नाहीत, आणि मोटारींवर त्यांच्याइतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे मला किती तरी दिवस कळेना. मी त्यांना सारखी विचारायची आणि ते दर वेळी नवं कारण सांगायचे. कधी पोट ढवळतं, कधी गुडघा दुमडत नाही, कधी पेट्रोलच्या वासानं डोकं उठतं. शेवटी एकदा मी फारच खनपटीला बसले तेव्हा वैतागून म्हणाले, "बाई, मझार बठनं म्हंजे पुढे कोन शे, ते कसं दिखी?" आत बसलं की पुढे कोण आहे ते दिसणार कसं! 

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी वाईकडची. नर्सची नोकरी लागली आणि नेमणूक झाली ती थेट खानदेशात, तापीकाठच्या एका गावातल्या दवाखान्यात. नदीच्या अलीकडे, नंदुरबारच्या बाजूला आमचं गाव आणि पलीकडे प्रकाशा. आमच्या वाटेवर तेव्हा पूल नव्हता. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वाळूत दगड आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या अंथरून रस्ता करायचे, आणि त्यावरून शहाद्याकडची मिरची ट्रकांनी नंदुरबारच्या बाजारात जायची. अक्षय तृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखाजीला, मिरची सरायची आणि वाहतूकही थांबायची. दिवाळी ते आखाजी, हा मोसम. हा शब्द गावात फक्त मोटारींसाठी वापरत. आंब्याला किंवा लग्नांना मोसम असतो हे तिथे कुणाच्या गावी नसावं.

पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन गावाच्या लिंबाखाली उतरले. पत्ता विचारायला समोर एकच माणूस होता: पांढरी दाढी, दाढीत कापूस, भुवयांवर कापूस, आणि नजर माझ्या डोक्यावरून पार नदीकडे. मी म्हटलं, "अहो, सरकारी दवाखाना कुठं आहे?" ते माझ्याकडे न बघताच ओरडले, "बाई, बाजू व्हय! मांगे दुसरी शे!" मी जेमतेम बाजूला झाले तोच नदीचा चढ चढून एक तांबडा ट्रक धडधडत गेला, त्याच्या पाठोपाठ निळा. मिरचीचा असा खकाणा उडाला की मी शिंकून शिंकून ट्रंकेवर बसले. आणि त्या शिंकांमधून मला एक आवाज ऐकू आला. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. म्हातारा लिंबाच्या फांदीला टांगलेल्या आपल्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर लाकडी ठोकळा हाणत होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

कापूस पिंजायच्या त्या धनुकलीवर गावाला निकाल कळायचा. तांबडा ट्रक चालवायचा हिलाल, आणि हिलाल कासमचाचांचा लाडका. तो पुढे आला की ठोक्यांची माळ लागायची, हात दुखेपर्यंत. निळा ट्रक उस्मानचा. तो पुढे आला की एकच ठोका. तोही असा कोरडा की जणू चुकून हात लागला. पण पडायचा मात्र नक्की. चुलीपाशी बसलेल्या बायकांनासुद्धा त्यावरून कळायचं, आज कोण.

गावात दोन तट होते. केळी-उसाचे मळे असलेली गुजर मंडळी झाडून सारी उस्मानच्या बाजूची, त्यांचे पुढारी गोविंदभाई. लिंबाखालच्या चहाच्या दुकानात रोज सभा भरायची. उस्मान हरला तर त्याच्या गाडीत माल जास्त होता, हिलाल हरला तर त्याचं टायर गुळगुळीत होतं. सरळ हरला असं कुणीच कधी नाही. कासमचाचांचं तर ठरलेलं वाक्य होतं, "हिलाल हारना नही. त्याले पोचाले येय लागना." हरला नाही, पोचायला वेळ लागला, हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की हसायचीही पंचाईत. मी एकदा गोविंदभाईंना विचारलं, "निकाल सांगणारा माणूस उघडउघड हिलालचा, आणि तुम्ही त्याचं ऐकता कसं?" ते म्हणाले, "बाई, कासम हिलालना शे. पन त्याना हात कोनानाच नही."

मुळात ही शर्यत लागली कशावरून, याचा मी पुष्कळ तपास केला. बाजारात जो ट्रक आधी पोचेल तो आधी रिकामा होतो, दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागतं, म्हणून घाई, इतकं कळलं. पण लिंबाखाली जमणाऱ्यांना बाजाराशी काही देणंघेणं नव्हतं. गावात लोकांची भांडणं मोटारींवरून होत आणि समेटही मोटारींवरून. एका बाईचा मुलगा तापानं फणफणला होता; मी रात्रंदिवस खपले तेव्हा कुठं बरा झाला. त्याचा बाप हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्हीन आमना घरना मानूस. आते सांगा, हिलाल का उस्मान?" मी म्हटलं, मी दवाखान्याची. त्याची फार निराशा झाली.

आखाजीला मोसम संपायचा तो मात्र मोठ्या गोडीनं. गावभर झोके बांधलेले, लेकी माहेरी आलेल्या, आणि लिंबाखाली दोन्ही ट्रक नदीवर धुऊन शेजारी शेजारी उभे. हिलाल आणि उस्मान आपापल्या बैठकीची गादी काढून कासमचाचांच्या पुढ्यात ठेवायचे. वर्षभर दबून चपाती झालेला कापूस चाचा बाहेर काढायचे, पिंजायचे, पुन्हा भरायचे. ती गादी भरून होईपर्यंत गाडी हलत नसे, कारण गादीखाली नुसती तापलेली लोखंडी पेटी. पिंजता पिंजता उस्मानची थट्टा चालायची. "काय रे, तुन्हा कापूस पुढेच दबेल शे. भीत भीत चालाडस का?" उस्मान हसून म्हणायचा, "चाचा, मी भीस, म्हनूनच पुढे ऱ्हास."

मग एका वर्षी आखाजी आली आणि मोसम संपला नाही. मिरची सरली, पण मालकांनी ट्रक थांबवले नाहीत. आधी सरकी आली, मग विटा, मग लग्नांची वऱ्हाडं. लिंबाखाली आनंदीआनंद. आखाजीनंतरही शर्यत, म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हा पंगत! चार दिवस लोकांनी डोक्यावर उपरणी बांधून उन्हात गर्दी केली. पुढे गर्दी ओसरली. "रोज तेच काय देखनं?" असं म्हणत एकेक जण घरी पडून राहू लागला. जे येत ते जांभया देत आणि खोड्या काढत. मोसम लांबला तशी माणसांची जीभ कडू होत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हिलाल रोज मागे पडू लागला होता. त्याच्या मालकाला धीर कमी. तो हिलालला दिवसाचं गाडीला जुंपी आणि रात्रीचंही. एके काळी ज्यांनी हिलालच्या नावानं गुलाल उधळला तेच आता म्हणू लागले, "त्यानामा आते काही ऱ्हायनं नही." कासमचाचा मात्र रोज लिंबाखाली उभे, आणि रोज तो एकच कोरडा ठोका.

एका दुपारी हिलालचा ट्रक चढ चढला तो सरळ लिंबाखालच्या पाणपोईवर. रांजण फुटला, पाणी वाहिलं. नशीब, तिथं कुणी नव्हतं. दोघेतिघे हसले. एकजण ओरडला, "हिलाल, डोया घर ठी उना का?" डोळे घरी ठेवून आल्यासारखाच हिलाल दिसत होता. तो दवाखान्यात आला, मी त्याचे डोळे धुतले. लालभडक झाले होते, धुळीनं आणि जागरणानं. जाताना दारात थांबून त्यानं हळूच विचारलं, "बाई, झोप येवाले नको, असं काही औषध शे का?"

मला राग आला. त्याचा नाही, सगळ्या गावाचा. मी तशीच उठून कासमचाचांकडे गेले आणि त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या त्या ठोक्यापायी हा पोरगा एक दिवस नदीत जाईल. मग वाजवा तुम्ही. चाचांनी ऐकून घेतलं. हातातला ठोकळा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, "बाई, औषध देजो नको."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लिंबाखाली गेले. नदीत धूळ दिसली, ट्रक चढू लागले, निळा पुढे, तांबडा मागे. कासमचाचा धनुकलीपाशी उभे होते, हात खाली सोडून. निळा ट्रक समोरून गेला. ठोका पडला नाही. थोडा पुढे जाऊन उस्माननं करकचून ब्रेक मारला, त्याच्या मागे हिलालनं. दोघे उड्या टाकून धावत आले. उस्माननं चाचांचे खांदे धरले. "चाचा, काय व्हयनं? बरं नही का?"

चाचांनी त्याचे हात बाजूला सारले, तांबड्या ट्रककडे गेले, हिलालची गादी ओढून काढली आणि भर रस्त्यात तिची शिवण टर्रकन फाडली. कापूस वाऱ्यावर उडाला. मग निळ्या ट्रकची गादी. तीही फाडली. उस्मान ओरडला, "अहो, मन्ही कशाले?" चाचा म्हणाले, "हिलाल एकला निजना ते तू पुढे निघी जाशी. निजतीन ते दोन्ही निजतीन." दया करतानासुद्धा हा माणूस हिलालची बाजू सोडायला तयार नव्हता! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

दोघांना त्यांनी आपल्या दुकानात, कापसाच्या ढिगावर ढकललं. "आखाजी व्हई गयी. मोसम सरना. मी सांगस." हिलाल आडवा झाला तो बोलता बोलता झोपला. उस्मान थोडा वेळ कुरकुरला आणि मग तोही घोरू लागला. बातमी गावभर झाली आणि काय सांगू, शर्यतीला जमत नव्हती एवढी गर्दी दोन झोपलेली माणसं बघायला जमली. थोड्याच वेळात तट पडले. मोठ्यानं कोण घोरतो, कूस आधी कुणी बदलली, उद्या आधी कोण उठेल. गोविंदभाईंसारखा पोक्त माणूस खिडकीतून वाकून सांगत होता की उस्मानचा पाय हलला. कासमचाचा ठोकळा घेऊन बाहेर आले. "निघा आठून! झोपीमा शर्यत नही ऱ्हास!"

मालक आले, ओरडले. चाचा शांतपणे कापूस पिंजत राहिले. असला कापूस घाईनं पिंजता येत नाही, म्हणाले. गाद्या भरून झाल्या तेव्हा दोघे ड्रायव्हर उठलेले होते, जेवलेले होते, आणि यापुढे आखाजीनंतर गाडी काढायची नाही हे त्यांचं आपसात ठरलेलं होतं. त्यानंतर मी होते तोवर एकाही वर्षी आखाजीनंतर ट्रक हलला नाही. मालकांनी मात्र रागानं गाद्यांचं काम नंदुरबारला नेलं. त्याबद्दल चाचा मला एकदाही काही बोलले नाहीत. पण आखाजीला दोघे ड्रायव्हर रिकाम्या हातांनी त्यांच्यापाशी येऊन बसायचे, तेव्हा चाचांची बोटं उगाचच कापूस तोडत राहायची. ते बघून मला वाईट वाटायचं.

माझी बदली झाली ती ऐन मोसमात. त्या दिवसाची एस.टी. चुकली, म्हणून उस्माननं मला ट्रकमध्ये पुढे बसवून घेतलं. ट्रंक मिरचीच्या पोत्यांवर. निघताना मी चाचांना म्हटलं, "चला की नंदुरबारपर्यंत. आज तरी बसा." ते हसले. "मी बठनू ते देखी कोन?"

ट्रक सुटला. इंजिनाचा एवढा गडगडाट होता की मला माझंच बोलणं ऐकू येईना. तेव्हा एक गोष्ट एकदम ध्यानात आली. मी उस्मानच्या कानाशी ओरडले, "तुम्हाला आत तो ठोका ऐकू येतो का?"

त्यानं मान हलवली. "कधीच नही, बाई. आम्हले फक्त हात दिखस."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. धूळ उडाली होती. हिलालचा तांबडा ट्रक आमच्या पुष्कळ मागे, अजून चढाच्या तळाशी होता. म्हणजे आज उस्मान पुढे होता, आज एकच ठोका पडायचा. चाचांचा हात वर गेला, खाली आला. मी डोकं आत घेणार तोच हात पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. परत वर. आवाज काही येत नव्हता, नुसता तो हात वरखाली होताना दिसत होता, वळण येऊन लिंब दिसेनासा होईपर्यंत. उस्मानलाही ते आरशात दिसत होतं. वळण घेऊन झाल्यावर म्हणाला, "आज काय व्हयनं चाचाले?"

पुढे दोन-तीन वर्षांनी कासमचाचा गेल्याचं कळलं. तो शेवटचा हात माझ्यासाठी होता की इतक्या वर्षांनी उस्मानसाठी, हे त्यांना विचारायचं माझं राहूनच गेलं.