नऊ वाणांचं वाक्य

मुलीला परराज्यातल्या एका विद्यापीठात बियाणेशास्त्राच्या एमएस्सीला अर्ज करायचा होता. अर्जासोबत एका पानाचं पत्र मागितलं होतं: हाच विषय का, आणि तुम्हीच का. पत्र जायचं इंग्रजीत, पण तिने आधी मराठीत लिहून माझ्यासमोर ठेवलं. मी जव्हारला एका कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर आहे. कागद आला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

तिसरं वाक्य असं होतं: ‘आमच्या जामसरच्या घरी आईने जपलेले कडधान्यांचे नऊ वाण आजही आहेत.’

मी ‘नऊ’खाली रेघ मारली.

“मोजलेस?”

“बाबा, हे पत्र आहे, प्रवासभत्त्याचं बिल नाही. ओळीओळीला पावती लागते का?”

“मुलाखतीत कोणी म्हणालं, दाखव, तर?”

“तर दाखवू. वरच तर टांगलेत.”

टांगलेले होते हे खरं. तिची आई वाल, चवळी, उडीद, प्रत्येकाचं बी राखेत घोळवायची, पळसाच्या पानांत बांधायची आणि चुलीवरच्या आडव्या बांबूला लटकवायची. खालून रोजचा धूर. पावसाळ्यात त्यातलं थोडं पेरायचं आणि नवं बी पुन्हा बांधून ठेवायचं. गेल्या पावसाळ्यात ती अंथरुणावर होती, त्यामुळे पेरलं कुणीच नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. मुलीला कॉलेज सांभाळून स्वयंपाक करायचा, म्हणून आम्ही गॅस आणला. चूल सारवून ठेवली ती तशीच राहिली.

आता चैत्र होता. मी स्टुलावर चढून पुडकी एकेक खाली दिली. पहिलं सोडलं तर पानातून पीठ सांडलं. दाण्यांना भोकं, आत भुंगे. दुसरंही तसंच. मुलगी पुढचं सोडत राहिली. प्रत्येकातले त्यातल्या त्यात धड दिसणारे दाणे निवडून तिने ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळले आणि रोज पाणी शिंपडलं. पत्र तोवर तसंच पडून होतं.

मोड आले ते दोघांनाच, काळ्या चवळीला आणि बारीक उडदाला. बाकीचे सात कुजले. त्यात पांढऱ्या फुलांचा वाल होता. तो माझी बायको लग्नानंतर साखरशेतहून, माहेरून घेऊन आली होती. मी तिच्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

“पांढऱ्या फुलांचा वाल असेल का गं तुमच्याकडे? मूठभर पुरे.”

“आमच्याकडं कुठला, भावजी? आमचा कधीच गेला. दरसाल ताईच धाडायची. औंदा मीच म्हणत होते, आता मागू कुणाकडं.”

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मुलीने नवं पत्र आणलं. तिसऱ्या वाक्याच्या जागी आता चार होती: ‘आईने नऊ वाण जपले होते. ती गेल्यावर मी गॅसवर स्वयंपाक सुरू केला, चुलीचा धूर थांबला आणि सात वाण किडीने गेले. धूर बी राखतो हे मी तिच्याकडून शिकून घेतलं नव्हतं. ते मला शिकायचं आहे.’

“‘मी’ कशाला?” मी म्हणालो. “सिलिंडर मी आणला. आणि एवढं सगळं सांगायची गरज नाही. नुसतं दोन वाण आहेत असं लिही. तेही खोटं नाही.”

“तुम्हीच म्हणालात ना, दाखवता आलं पाहिजे? हे येतं.”

मी पेन्सिल खाली ठेवली. त्या पानावर मी एकही रेघ मारली नाही.

तिला प्रवेश मिळाला. मी आता घरात एकटा असतो. कार्यालयातून आलो की चूल पेटवतो आणि तिच्यावर एका माणसाचा भात शिजवतो. बांबूला पावसाळ्यात पेरून आलेल्या नव्या बियांची दोन पुडकी आहेत. मुलगी फोन करते तेव्हा आधी विचारते, “चूल पेटवली का?” मी हो म्हणतो. मग ती विचारते, जेवलात का.