मावशीच्या मापाची आसने

माझ्या थोरल्या मावशीने आजवर एकाही माणसाचे शरीर चुकीचे ठरवलेले नाही. चुकते ते आसन, असा तिचा ठाम सिद्धांत आहे, आणि शरीराच्या हालचालींचे यांत्रिकी रीतसर शिकून, त्यात पदव्युत्तर पदवी घेऊनही मला तो अद्याप खोडून काढता आलेला नाही. मंगळवार पेठेत चाळीस वर्षे बायकांचे ब्लाउज शिवलेल्या या बाईची योगदृष्टी थेट शिलाई मशीनवरून उतरलेली आहे. तयार कपडा सगळ्यांना बसत नाही. मग पुस्तकातले आसन तरी सगळ्यांना का बसावे? योगाच्या तक्त्यावरच्या सडपातळ तरुणाकडे बोट दाखवून ती म्हणते, "ह्यो पोरगा दुकानातल्या पुतळ्यागत हाय. ह्येच्या मापाचं शिवून गिऱ्हाइकाला घालाय लागलो असतो, तर दुकान कवाच बंद पडलं असतं की!"

गल्लीच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक सभागृहात रोज सकाळी साडेसहाला तिचा वर्ग भरतो. नवी बाई आली की मावशी आधी गळ्यातली टेप काढते. वाकल्यावर बोटे जमिनीपासून किती इंच वर राहतात, हात कानापर्यंत पोहोचतो की वाटेतच थांबतो, कोणता गुडघा कुरकुरतो, याची सविस्तर नोंद होते आणि मगच आसन 'बेतले' जाते. सामग्रीत वाकळीच्या घड्या, लोखंडी खुर्च्या, जुन्या नऊवारीचे पट्टे आणि ब्लाउजांच्या चिंध्या ठासून भरलेल्या उशा असतात. दूध डेअरीवाल्या काकूंना पोटावर झोपता येत नाही, म्हणून त्यांचे भुजंगासन उभ्याने, भिंतीला तळवे टेकून होते. "अगं, नाग भिंतीवर कुठं असतोय?" असे काकूंनी विचारताच मावशी उत्तरली, "पावसाळ्यात तुझ्या गोठ्यात बघ जा. भिंतीवरच असतोय." सुट्टीत घरी आले असताना मी सांध्यांचे कोन मोजण्याचे साधन घेऊन दोन आठवडे तिच्या अंदाजांची पडताळणी केली. निष्कर्ष माझ्या शिक्षणाच्या दृष्टीने फारसा सुखावह नव्हता, म्हणून तो इथे देत नाही.

तिच्या पद्धतीत एकच दोष मला निर्विवाद आढळला. योगाची मापे आणि ब्लाउजची मापे ती एकाच वहीत लिहीत असे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या नावापुढे 'उजवा हात चार इंच कमी' अशी नोंद होती. तिचा अर्थ, त्यांचा हात वर नेताना कानाच्या चार इंच अलीकडे अडतो. परंतु दसऱ्याच्या गर्दीत मावशीने ती ओळ वाचली आणि बाईंच्या नव्या रेशमी ब्लाउजची उजवी बाही चार इंच आखूड शिवून दिली. बाई संतापून दुकानात आल्या. मावशीने वही पाहिली, ब्लाउज पाहिला, आणि चूक कबूल करण्याऐवजी म्हणाली, "आता हात वर करून बघा. सुटसुटीत वाटतंय का न्हाय?" बाईंनी रागारागात हात वर केला आणि तो कानाला लागला. सहा महिन्यांच्या सरावाचे श्रेय एका बाहीला मिळाले. तेव्हापासून मावशीच्या दोन वह्या आहेत.

मी घरी असतानाच सभागृहाची नवी समिती आली आणि तिने नोटीस लावली: प्रमाणपत्र नसलेल्या प्रशिक्षकांचे वर्ग पुढील महिन्यापासून बंद. मावशी त्रेसष्ट वर्षांची, शिक्षण सातवी. तिने त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज भरला. लेखी भाग तिने तोंडपाठ केला. पण प्रात्यक्षिकासाठी तिच्या डोक्यात पद्मासनाने ठाण मांडले. चाळीस वर्षे पायमशीन चालवून तिचा डावा गुडघा खराब झालेला, आणि खुब्याची ठेवणही मुळात त्या आसनाला अनुकूल नाही. मी आकृती काढून समजावले, "मावशी, इथे हाडावर हाड अडतंय. सरावाने हाडाचा आकार बदलत नाही."

"हाडाला सांग, पंधरा दिसांची गोष्ट हाय म्हणावं."

"अभ्यासक्रमात फक्त 'एक ध्यानात्मक आसन' असं लिहिलंय. सुखासन चालतं. मी तीनदा वाचलंय."

"सुखासन? ते तर जेवाय बसतोय तसं. त्येला कोण मार्क देणार? परीक्षेत अल्टर चालत न्हाय, पोरी."

दहाव्या दिवशी गुडघा सुजला. माझा संयम संपला. "वर्गातल्या सोळा जणींना जे तू करू देत नाहीस, ते स्वतःला का करायला लावतेस?"

ती गुडघ्यावर शेकण्याची पिशवी धरून बसली होती. "त्या सोळा जणींसाठनंच की," ती म्हणाली. "मी नापास झालो तर त्यांनी जायचं कुठं? दुसऱ्या वर्गात दारातनंच परत लावत्यात. 'आधी वजन कमी करा, मग या.' मला बी लावलतं तसंच. वीस वर्षं झाली, अजून ध्येनात हाय." नेहमी मोठ्याने बोलणाऱ्या मावशीने हे अगदी हळू आवाजात सांगितले. मी हाडांची आकृती घडी घालून ठेवून दिली.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. परीक्षक पांढऱ्याशुभ्र पोशाखातले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तोंडी प्रश्न विचारला, "आसन करताना साधकाने सर्वांत आधी काय करावे?"

"माया सोडायची," मावशी तत्काळ म्हणाली.

परीक्षकांनी डोळे मिटले. "वा! किती सखोल!" मग ते मोह, भ्रम आणि वैराग्य यांवर बराच वेळ बोलले आणि कागदावर काहीतरी लिहिले. ते पूर्ण गुण असावेत, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. अचूकतेवर पोसलेली मी त्या क्षणी मनोमन प्रार्थना करत होते, की मावशीने ही चूक दुरुस्त करू नये. मावशीने केली.

"सर, तुमी म्हंताय ती माया न्हवं. ब्लाउजातली." तिने पिशवीतून एक अर्धवट शिवलेला ब्लाउज काढून उलटा केला. "शिवताना आत ह्ये दोन बोटं कापड जादा सोडत्यात, ती माया. बाई जाड झाली, बाळंत झाली, की उसवून मोठं करता येतंय. आसनात बी तसंच. आज जेवढं वाकतंय त्येच्या जरा अलीकडंच थांबायचं. पार कडंला शिवलं की फाटतंय."

"बरं," परीक्षक काहीशा कोरडेपणाने म्हणाले, "आता ध्यानात्मक आसन दाखवा."

मावशी सतरंजीवर बसली. डावा पाय हातात धरून उजव्या मांडीकडे नेऊ लागली. पाय अर्ध्यावर आला आणि थांबला. तिने हातातल्या पायाकडे असे पाहिले, जणू तो एखाद्या गिऱ्हाइकाचा आहे. "न्हाय सर," ती म्हणाली, "ह्या गुडघ्यात तेवढी माया न्हाय." तिने पाय अलगद खाली ठेवला, सतरंजीची कड दुमडून बैठक उंच केली, गुडघ्याखाली तो ब्लाउज गुंडाळून सरकवला आणि साध्या सुखासनात डोळे मिटले. तिचा कणा इतका सरळ होता, की मोजण्याचा मोह मला झाला नाही.

परीक्षकांनी खुर्ची किंचित पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारले, "मला मांडी घालून बसता येत नाही. तीन वर्षं झाली. त्याला काही…?"

मावशीने डोळे उघडले आणि टेप काढली.

ती उत्तीर्ण झाली. अध्यापनात उत्तम, आसनांत काठावर. सभागृह राहिले, सोळा जणी राहिल्या. मी मात्र राहिले नाही. इकडे पुण्यातल्या प्रयोगशाळेत आम्ही संगणकावर मानवी शरीराची प्रारूपे तयार करतो. त्यांतला माणूस सरासरी मापांचा असतो आणि त्याचा गुडघा कधी सुजत नाही. मला हे काम करायचेच होते, आणि ते मी उत्तम करणार आहे. रविवारी मावशीचा फोन येतो. हल्ली ती सगळा वर्ग खुर्चीत बसूनच घेते, हे बोलता बोलता सांगते, आणि मी काही विचारण्याआधी विषय बदलते.

"आवाज असा का येतोय? पोक काढून बसलीयास न्हवं?"

"नाही गं."

"बसलीयास. मला ऐकू येतंय की."

मग मी पाठ ताठ करते. तिकडून तिला ते दिसत नाही. तरी फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ तशीच बसून राहते.