आंधळगावचं रोवण्याचं चित्र

भूतखेत, करणी, झपाटणं असले विषय निघाले की मी आपला चहाचा कप उचलून अंगणात जाऊन बसतो. असल्या अनुभवांच्या सदरात लिहिणाऱ्यांना मी मनातल्या मनात बरेचदा हसलोय, खोटं कशाला बोलू? मी ड्रॉइंग मास्तर. डोळ्यांना दिसतं तेच कागदावर काढा, हे तुमसरच्या शाळेत पोरांना शिकवण्यात जन्म गेला. आणि माझ्याच डोळ्यांनी मला असं तोंडघशी पाडावं… असो. सांगतोच.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. शाळा सांभाळून मी जुन्या चित्रांची पारख करायचो. चित्र किती जुनं, अस्सल की नक्कल, मागाहून कुणी हात मारलाय का — असा एक पानाचा रिपोर्ट द्यायचा. नागपूरचे एक-दोन संग्राहक तो मानायचे, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

श्रावणात प्रकाश मेश्राम माझ्याकडे आला. भंडाऱ्याला एका ऑफिसात क्लार्क. त्याचे वडील नाकाडोंगरीकडच्या जंगलातल्या एका बंगल्यावर स्वयंपाकी होते. बदलून जाणाऱ्या कुण्या साहेबानं त्यांना एक ऑइल पेंटिंग देऊन टाकलं होतं. ते आता आंधळगावला त्याच्या थोरल्या बहिणीकडे होतं. प्रकाशला भंडाऱ्यात घर बांधायचं होतं, म्हणून विकायचा विचार. बहीण लगेच हो म्हणाली होती.

बहीण म्हणजे सुमनबाई. रिटायर्ड अंगणवाडी सेविका, एकट्याच राहायच्या. आई गेल्यावर प्रकाशला त्यांनीच वाढवलेलं. तो त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

चित्र अडीच फूट बाय दीड. मागे जंगलाची टेकडी, मध्ये तलाव, पुढे पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या आणि ओणव्या होऊन रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या पाच-सहा बाया. सही कुठेच नाही. पण पाणी असं काढलेलं, की हा माणूस चिखलात उभा राहिला असणार. मी रोलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. मग चित्र उलटं करून मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलनं माझी आद्याक्षरं आणि तारीख टाकली. सुमनबाईंनी विचारलं, काय लिवलं सर? म्हटलं, खूण. उद्या कोणी चित्र बदललं तर कळायला पाहिजे ना.

फोटो पाहून नागपूरचे एक संग्राहक घ्यायला राजी झाले. दिवाळी आटोपल्यावर त्यांना घेऊन मी पुन्हा गेलो, प्रकाशही होता. भिंतीवर तीच फ्रेम, तीच टेकडी, तोच तलाव… आणि पुढची सगळी शेतं पिवळीधमक! धान कापायला आलेला. बाया नाहीत, पाणी नाही.

माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की त्या चित्रकारानं जोडी केली असणार, पावसाळ्याचं एक आणि हंगामाचं एक. चांगलं चित्र परस्पर विकलं गेलं आणि आपल्यासमोर हे टांगलंय.

सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "दुसरं नाही सर, हेच हाये. कटाईचे दिवस आले न. धान पिकला."

किती वाजले ते सांगावं, अशा साध्या आवाजात. मला वाटलं, ही बाई चारचौघांत माझी टिंगल करून राहिली आहे. मी म्हणालो, "बाई, मी तुमच्या अंगणवाडीतला पोर नाही." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

खूण मीच केली होती, पण चित्र उलटं करून पाहायची मला गरजच वाटली नाही. तपासलेलं चित्र आणि आज दाखवलेलं चित्र एक नाही, असं लिहून सही ठोकली. प्रकाशनं तो कागद उभ्या उभ्या वाचला. आमच्यासोबत गाडीत बसला, आणि त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही.

चैत्रात सुमनबाई एकट्या एसटीनं तुमसरला आल्या, चित्र चादरीत गुंडाळून. भरदुपारी, माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात. म्हणाल्या, उलटं करून पाहा.

पट्टीवर माझी आद्याक्षरं. माझंच अक्षर, श्रावणातली तारीख, लाकडाच्या गाठीवर पेन्सिल घसरली होती तीही रेघ तशीच. कॅनव्हासचे खिळे गंजून लाकडात रुतलेले, कुणी काढून पुन्हा ठोकलेत म्हणावं तर तसंही नाही. मग सुलट केलं… कापून गेलेलं रान. धसकटं, भेगा पडलेली जमीन, तलाव अर्ध्यावर. टर्पेंटाइनचा बोळा फिरवून पाहिला, रंगाचा कणही निघाला नाही. जुना, दगडासारखा घट्ट रंग होता.

"प्रकाश घरी येत नाही," त्या म्हणाल्या. "एक ओळ लिहून द्या सर, चित्र एकच हाये म्हणून. बाकी मले काही नोको."

एक ओळ! पण ती लिहायची म्हणजे आधीचा रिपोर्ट खोटा ठरणार, आणि कारण काय देणार? चित्रातला धान पिकला म्हणून? मी म्हणालो, बघतो, पोस्टानं पाठवतो. त्यांचा विश्वास बसला. मी त्यांना स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून चित्रही धरायला दिलं.

लिहिलं नाही. शाळेच्या फोनवर त्यांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी शिपायाकरवी वर्गावर असल्याचं कळवलं. आणि एका पावसाळ्याच्या तोंडाशी कळलं, की सुमनबाई वारल्या.

त्यानंतरही मी तीन वर्षं गप्प बसलो. शेवटी भाद्रपदात एकदा भंडाऱ्याला प्रकाशच्या घरी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीवर, लोंबी फुटायच्या बेतात आला होता. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, फोनचंही. मला वाटलं होतं चिडेल, बाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई हेच सांगत होती," तो म्हणाला. "लहानपणी मले कडेवर घेऊन दाखवे, पाह्य, धान निसवला, लोंब्या आल्या म्हणून. मोठा झालो अन् तुमचा कागद मानलो."

मग त्यानं मला आत नेलं. बाईंच्या माघारी त्याच्याकडे आलेलं चित्र पलंगासमोर टांगलेलं. भर भाद्रपदात त्यातली जमीन भेगाळलेली, धसकटं तशीच, चैत्रात मी पाहिली होती तशी.

"रोज पाहतो सर," प्रकाश म्हणाला. "बाई गेल्यापासून रोवणाच नाही झाला."

त्या चित्राचं काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणी जाणकार असेल तर त्यानं खुशाल समजावून सांगावं, आता मी हसणार नाही. ती ओळ मी का लिहिली नाही, ते मात्र पक्कं माहीत आहे. लोक मला हसतील म्हणून.