हॉरेस कॉव्हेंट्रीला गेला

हॉरेस ट्रँटरला कॉव्हेंट्रीला पाठवलं, म्हणजे तो कुठेही गेला नाही. रोज सकाळी इंग्लंडमधल्या डडली गावच्या त्याच फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, तो आपल्या साच्यापाशी उभा असायचा. फक्त त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं. आपण वाळीत टाकतो, हे लोक कॉव्हेंट्रीला पाठवतात, जाच तोच.

गुन्हा काय, तर एका दिवसाच्या संपात हा पठ्ठ्या कामावर आला. म्हणाला, "सभा घेतली नाही, मत विचारलं नाही, मग कसला आलाय संप?" बहिष्काराचा ठराव मांडला तो युनियनच्या क्लेम हॅडलीने. क्लेम म्हणजे त्याचा जिवलग दोस्त, दोघांची शर्यतीची कबुतरं एकाच खुराड्यात. एक हट्टी, तर दुसरा महाहट्टी!

चहाच्या सुट्टीत हॉरेस टेकला की बाक रिकामं व्हायचं. त्याने काही विचारलं की माणसं भिंतीकडे तोंड फिरवायची. हळूहळू तो घरीही गप्प राहू लागला.

"अहो, माझ्याशी तरी बोला," बायको विनी म्हणायची.

"घशातून आवाजच निघत नाही गं."

मग एका दुपारी क्रेनने जड लोखंडी साचा उचलला. खाली क्लेम पाठमोरा वाकून वाळू ठोकत होता. वर साखळीची एक कडी उघडत चाललेली हॉरेसला दिसली.

"क्लेम, बाजूला हो!"

क्लेमची मान ताठ झाली. त्याने ऐकलं होतं, पण तो वळला नाही. ठराव म्हणजे ठराव.

"अरे लेका, वर बघ!"

क्लेम ढिम्म. हॉरेसने शेजारच्या सिडचा दंड धरला. "सिड, तू हाक मार! तुझं ऐकेल तो!"

सिडने सवयीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

हॉरेसची तळपायाची आग मस्तकात गेली. तो धावत सुटला आणि त्याने सगळ्या अंगाचा भार देऊन क्लेमला ढकललं. दोघे वाळूत गडगडले.

"गाढवा, डोकं फिरलंय का तुझं?" क्लेम खेकसला.

तेवढ्यात साचा धाडकन आदळला, क्लेम वाकला होता तिथेच. क्लेम पांढराफटक पडला. सगळं काम थांबलं.

हॉरेसचा खांदा निखळला होता. तो वाळूत बसून रडत होता, पण खांद्यासाठी नव्हे.

"क्लेम," तो म्हणाला, "आत्ता काय म्हणालास? पुन्हा म्हण ना."