अप्पांचा एकमेव चांगला रस्ता

पट्टीला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि क्षणभराने गंभीरपणे जाहीर करायचे, "करंट हाय." अप्पांच्या दिवाणखान्यात विजेची चाचणी या पद्धतीने होत असे. मी तेव्हा पुण्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुटीत गावी, नौबादला, येताना पिशवीत मल्टीमीटर आणत होते. तो मी पुढे केला की अप्पा त्याच्याकडे नापसंत स्थळाकडे पाहावे तसे पाहत.

"सायन्स-अक्का, त्येचा सेल उतरतो. माणसाची जीभ कधी उतरलेली बघितलीस का?"

बघितली नव्हती. विशेषतः त्यांची.

अप्पा आमचे शेजारी. पेशाने रस्त्यांच्या कामावरचे इंजिनिअर. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या रस्त्यांवरून ज्यांनी एसटीने प्रवास केला आहे, त्यांना वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांच्या मणक्यांना ती आहे. मात्र याच गृहस्थांनी आपल्या दिवाणखान्यात, लाकडी फळ्यांवर, एक असा रस्ता बांधला होता की ज्याच्या सांध्यावरून नख फिरवले तरी अडत नसे. त्यावर धावणारी मोटार तळहातावर मावेल एवढी होती.

ज्यांनी असा ट्रॅक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रस्त्याला दोन समांतर खाचा असतात, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची पट्टी. गाडीच्या पोटाखालची पिन खाचेत बसते, तारेचे ब्रश पट्टीवरून वीज उचलतात. हातातला खटका जितका दाबाल तितका वेग. वळणावर हाव सुटली की गाडी खाच सोडून थेट भिंतीवर. सुसाट सोडता येते ती फक्त सरळ रस्त्यावर. कुठे सोडायची आणि कुठे आवरायची, एवढेच या खेळाचे शास्त्र.

अप्पांचे मात्र शास्त्र निराळे होते. ते टायर पॉलिशपेपरवर घासत, आसाला शिलाईमशीनचे तेल देत, मागच्या चाकांवर वजन पडावे म्हणून गाडीच्या पोटाला शिशाचा तुकडा चिकटवत आणि मग चाचणी घेत. गाडी वळणावर उडाली की तुकडा पुढे सरकवत. पुन्हा उडाली की मागे. "एका वेळी एकच गोष्ट बदला, अप्पा," मी म्हणे. "म्हणजे कारण कळेल."

"कारण कळून काय करायचंय? गाडी पळायला पाहिजे."

या कारभाराला एक प्रतिस्पर्धी होता: काकूंचे, म्हणजे अप्पांच्या पत्नीचे, बंधू, गुलबर्ग्याचे तुरीच्या डाळीचे व्यापारी. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ट्रॅक मुळात मामांचा. त्यांच्या मुलाने तो कुवेतहून सुट्या तुकड्यांत आणला होता. घरात जागा नव्हती म्हणून बहिणीकडे ठेवला; फळ्यांवर जोडला अप्पांनी. दर दसऱ्याला मामा आपली लाल गाडी डब्यात घालून येत, आतल्या खाचेत लावत, अप्पांच्या निळ्या गाडीला हरवत आणि जेवत. मामांचे हसणे हे एक स्वतंत्र यंत्र होते. ते पोटात सुरू होई, खांद्यांपर्यंत चढे आणि मग दोन्ही हात गदागदा हलवी. हरलेल्या अप्पांना ते जेवण संपेपर्यंत पाहावे लागे.

त्या वर्षी मामांनी गुलबर्ग्याला वरचा मजला चढवला होता. नवमीच्या दिवशीच त्यांचा निरोप आला: आता जागा झाली आहे, यंदा मी जिंकलो तर ट्रॅक घेऊन जाणार. दाजी जिंकले तर ट्रॅक कायमचा त्यांचा.

काकूंना आनंद झाला. दिवाणखान्यात कित्येक वर्षांनी पाहुण्यांना बसता येणार होते. अप्पा फळीच्या कडेवरून हात फिरवत राहिले, आणि या माणसाने आपल्या खऱ्या रस्त्यांकडे एकदाही असे पाहिले नसेल, हे मला प्रथमच स्वच्छ दिसले. आयुष्यात मनासारखा झालेला असा तो एकच रस्ता होता.

आता चूक कुठे झाली ते पाहा. नवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते. लेखणीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे पुजले जाते, मग स्पर्धेची गाडी कशी सुटेल? अप्पांनी तिच्या बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. चाकाखाली लिंबू ठेवले. ते चिरडण्याऐवजी गाडीच त्यावर चढून बसली, म्हणून लिंबाची बी ठेवण्यात आली. इथवर ठीक होते. पण दुसऱ्या दिवशीच्या भीतीने त्यांची भक्ती वाढली. त्यांनी विभूती पाण्यात कालवली आणि आपल्या बाहेरच्या खाचेच्या दोन्ही पट्ट्यांना, सबंध फेरीभर, बोटाने सारवली. मामांच्या खाचेला मात्र त्यांनी कणभरही लावली नाही. आशीर्वादाच्या वाटपात त्यांनी एवढी काटेकोर निविदा काढली होती.

दसऱ्याच्या सकाळी निळी गाडी वीतभर सरकली आणि थांबली.

अप्पांनी नेहमीच्या जागी जीभ लावली. "करंट हाय."

गाडी पुन्हा ढकलली, पुन्हा थांबली. त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला, मग गावच्या व्होल्टेजवर, मग काकूंच्या मिक्सरवर.

"मिक्सर बंद हाय," काकू आतून म्हणाल्या. "तुमचं डोस्कं चालू हाय का बघा."

मी मल्टीमीटर लावला. पट्टीवर राखेचा वाळलेला थर होता आणि राखेतून वीज वाहत नाही. फक्त जिथे अप्पा रोज जीभ लावत तेवढी जागा लख्ख होती. मोजणारे साधनच पट्टी पुसत होते. त्यामुळे चाचणी दर वेळी उत्तीर्ण आणि गाडी दर वेळी नापास. अशा चाचणीपद्धतीने आपल्याकडे कोणकोणती सार्वजनिक कामे मंजूर होतात, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला नाही.

"स्पिरिटने पुसू. पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

अप्पा एकदम माझ्यासमोर आले. "पुसायची न्हाई. पूजेची विभूती हाय ती."

"मग मामांना सांगा, खाचा बदलून घेऊ."

"आन् काय सांगू? आपल्याच खाचेला लावली म्हणून?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. बहिणीला हाक मारणारा मामांचा आवाज त्यांच्या आधी घरात आला: "अक्का, दोऱ्या आणल्यात गं! बांधायला माणूसबी आणलाय!"

अप्पा खाली बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. मग त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवले, पट्टीवरून वीतभर ओढले आणि पांढरे झालेले बोट कपाळाला लावले. माझ्याकडे पाहिले. "पुसली न्हाई. धारण केली."

मला हसू यायला हवे होते. त्याऐवजी मीही बोट बुडवले. मामा बाहेर पाय धूत होते, काकूंशी बोलत होते, चहा घेत होते; तेवढ्यात आम्ही दोघांनी गुडघ्यांवर रांगत सबंध खाच धारण केली. कपाळ भरले तेव्हा अप्पांनी दंड घेतले, दंड भरले तेव्हा सदरा काढून छाती. माझ्या भागातली राख कोपरापर्यंत चढली. शेवटच्या सांध्यावर अप्पांनी जीभ टेकवली आणि या खेपेला निष्कर्ष बरोबर निघाला.

मामा आत आले. समोर उघडेबंब, डोक्यापासून बेंबीपर्यंत पांढरे झालेले मेहुणे हातात खटका घेऊन उभे. मामांना तो नवस वाटला असावा.

"दाजी, हे काय?"

"काय न्हाई. गाडी लावा."

शर्यत दहा फेऱ्यांची. मामा सवयीप्रमाणे पुढे होते. शेवटच्या फेरीत त्यांनी गंमत म्हणून एकदा वर पाहिले. अप्पांच्या नाकावरून घामाचा ओघळ उतरून विभूतीत एक काळी रेघ पडली होती आणि ती पुसू नये म्हणून ते नाक वाकडे करत होते. मामांचे यंत्र सुरू झाले. पोट, खांदे, मग हात. हाताबरोबर खटका पूर्ण दाबला गेला, लाल गाडी वळणावर खाच सोडून काकूंच्या फराळाच्या ताटात जाऊन पडली, आणि निळी गाडी बेतानेच रेषा ओलांडून गेली.

"हसवून जिंकलात! हे चालायचं न्हाई, दाजी!"

अप्पांनी मामांकडे पाहिलेही नाही. ते माझ्याकडे वळले. "बघितलीस, सायन्स-अक्का? विभूतीनंच जिंकवलं का न्हाई?"

मी पुष्कळ विचार केला. कार्यकारणाची साखळी कुठूनही धरली तरी ती विभूतीपाशीच जात होती. शास्त्राच्या विद्यार्थिनीला असा अपमान क्वचितच सोसावा लागतो.

दोऱ्या जीपमध्येच राहिल्या. काकूंचे पाहुणे पुढेही स्वयंपाकघरात बसत राहिले.

अप्पा गेल्याचे कळले तेव्हा मी बेंगळुरूला प्रयोगशाळेत रुजू झाले होते. रात्रीच्या गाडीने निघाले, सकाळी पोचले. आमच्याकडे माणसाला बसवून निरोप देतात. दिवाणखान्यात, ट्रॅकशेजारी, भिंतीला टेकवून त्यांना बसवले होते. कपाळ, दंड, छाती विभूतीने भरलेली.

मामा गुलबर्ग्याहून आले आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांचे पोट हलले, मग खांदे, मग दोन्ही हात. खोलीतल्या काही माणसांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले. हे हसणे नाही, हे कळायला आम्हाला एक क्षण लागला.

"हसवा की आता, दाजी," ते म्हणाले. "हसवा की."

तिसऱ्या दिवशी काकू त्यांना म्हणाल्या, "आता तो ट्रॅक घेऊन जा. हितं कोण खेळणार हाय?" मामा बराच वेळ फळ्यांपाशी उभे राहिले. मग एवढ्या मोठ्या देहाने हळूहळू वाकले, बाहेरच्या खाचेच्या पट्टीला जीभ टेकवली आणि डोळे मिटले.

"करंट न्हाई," ते म्हणाले, आणि ट्रॅक तिथेच ठेवून बाहेर गेले.

प्लग काढलेला होता. मी ते त्यांना सांगितले नाही.