मामांचं नोहटा

माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीत सापडून नोहट्याचं देऊळ न पाहता सुटलेला माणूस अख्ख्या जबलपुरात मिळायचा नाही. नोहटा म्हणजे दमोहच्या रस्त्यावरचं लहानसं खेडं. तिथं कलचुरींच्या काळातलं महादेवाचं देऊळ आहे आणि त्याच्या भिंतींवर बोट टेकायला जागा सापडू नये इतकं कोरीवकाम. मामी गेल्या, मुलगी बंगळुरूची झाली, तसं मामांचं हे वेड वाढतच गेलं. नागपूरचे पाहुणे मदन महल स्टेशनवरून परस्पर तिकडे. चेरीतालच्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्यानं मिळेल का, असं विचारायला आलेला बँकेतला नवा मराठी साहेबही तिकडे. एकदा तर कूलर दुरुस्त करायला आलेल्या, मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या भैयाला त्यांनी हत्यारांच्या पिशवीसकट गाडीत घातलं. कूलर तो उन्हाळाभर तसाच राहिला. देवळात पोचले की मामा मूर्तींशी मराठीत बोलत. आरशात पाहणाऱ्या एका सुंदरीला दर खेपेला विचारत, "बाई, झालं का तुमचं? की बसू अजून?" तिथल्या राखणदाराची पक्की समजूत होती की बाबूजी दक्षिणेकडचा एखादा मंत्र म्हणतात. तो हात जोडून उभा राही.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र त्यांना कोणी मिळेना. येणारे हॉटेलात उतरत आणि देऊळ मोबाइलवर पाहून घेत. शेवटी त्यांनी मला फोन केला. मी हे देऊळ इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटून सांगितलं असतं, तरी गाडी काढली.

त्या दिवशी मामा कोणाशीच बोलले नाहीत. जोत्यावर उन्हात बसून राहिले. बरं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "देवळाचं काय सूनबाई, ते पाठ आहे मला. जाता-येता गाडीत शेजारी कोणी मराठी बोलून राहिलं की बरं वाटते. त्याच्यासाठी तर आणत होतो सगळ्यांना."

परतीच्या वाटेवर मी बोलतच राहिले. भाजीचे भाव, सासूबाईंचा गुडघा, कॉलेजातली भांडणं, जे आठवेल ते. मामा हुंकार देत होते, मधूनच हसत होते.

चेरीतालला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजूबाजूच्या घरांत उजेड होता, मामांच्या दाराला कुलूप. "अच्छा, चलो," मामा म्हणाले, पण उतरले नाहीत. मी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मामा, मामींना पहिल्यांदा नोहट्याला कधी नेलं होतं तुम्ही?"

त्यांनी गाडीच्या दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला आणि ते सांगायला लागले.