जेरीची खाच

मालवणात गिटार दुरुस्त करावी ती कॉन्स्टान्सियोनेच. देवाने त्याला बोलणं चिमूटभर दिलं होतं आणि हट्ट पोतंभर. त्याच्या हिऱ्याचे कण जडवलेल्या कानशीला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नसे. "कानस आपल्या भारान कापता. दाबलंस काय हिरे गेले," असं तो पुतणीला, डेल्सीला, बजावी. काम संपलं की दातांच्या जुन्या ब्रशाने कानशीतला कीस झाडायचा, मगच जेवायचा.

एक दिवस डेल्सीने बापाची गिटार त्याच्यापुढे ठेवली. बाप म्हणजे जेरी, कॉन्स्टान्सियोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी बोटीवरून बेपत्ता झालेला. त्याची बायको रॉविना दर नोव्हेंबरात म्हणायची, मेलेल्यांसाठी चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेत त्याचं नाव घालूया. कॉन्स्टान्सियो भांडून उठायचा. "जितो आसा तो. येतलो!"

"अंकल, माका नाताळाक हीच वाजवूची आसा," डेल्सी म्हणाली.

तार झणझणत होती. वर्षानुवर्षं तार दाबून जेरीने दुसऱ्या फ्रेटवर, धातूच्या त्या बारीक पट्टीवर, खोल खाच पाडली होती. ती घासायला कॉन्स्टान्सियोचा जीव होईना. तरी लाकडाला टेप लावून त्याने सगळ्या पट्ट्या सारख्या केल्या, त्यांचे माथे गोल केले, कानस झाडली आणि खोलीला कुलूप लावलं.

सकाळी खाच होती तिथेच होती. कानशीत कीस नव्हता, किल्ली त्याच्याच कमरेला होती.

त्याने पुन्हा घासली. पुन्हा खाच. तिसऱ्या सकाळी तर तारा ओल्या लागल्या. बोट चाटून पाहिलं, खारट. भीतीने त्याचं डोकंच फिरलं. उभ्या जन्मात केलं नाही ते त्याने केलं, कानस जोर लावून दाबली. थोडी करकर झाली, मग ती पट्टीवरून नुसती घसरू लागली. हिरे गेले होते. खाच तशीच होती. कॉन्स्टान्सियोने कानस खाली ठेवली.

दुपारी डेल्सी आली. "जाली काय, अंकल?"

"तुजो पप्पा इलो."

पोरगी दाराकडे धावली. त्याने तिचा हात धरला.

"दारातसून नाय इलो गो, बाये," तो म्हणाला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर रडला. "मम्मीक सांग, मिस्सेत पप्पाचा नाव घाल."